तुमच्याशिवाय कोण करणार

एक होते मोठे सर आणि एक होते धाकटे सर. गोष्ट गुरुशिष्याची आहे, पण आश्रमातली नाही. एका जिल्ह्याच्या गावी, बँकेच्या वरच्या मजल्यावर हिशेबतपासनिसांची कचेरी होती, तिथली आहे. ऋषी, मृगाजिन, समिधा असलं काही इथे सापडायचं नाही. फायली आहेत, पंखे आहेत आणि एकमेकांना 'सर' म्हणणारी चौदा माणसं आहेत. ज्यांना बोधकथेत वटवृक्ष लागतोच, त्यांनी तो आपल्या मनाने लावून घ्यावा.

मोठ्या सरांनी ही कचेरी पन्नास वर्षांपूर्वी उघडली. आता वय ब्याऐंशी. सकाळी दोन तास येत, कोणी विचारलं तर सल्ला देत, न विचारलं तर वर्तमानपत्र वाचत. धाकटे सर म्हणजे पराग. तो मोठ्या सरांच्या हाताखाली शिकला, सीए झाला, पुण्यात चार वर्षं काढून परत आला. मोठ्या सरांना मूलबाळ नव्हतं म्हणा किंवा शिष्य लाडका होता म्हणा, कचेरी त्याच्या हाती आली. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटणार आहे.

त्या कचेरीत एक रिवाज होता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या फळ्यावर कामवाटपाचा कागद लागे. दूध संघाच्या ऑडिटला कोण जाणार, पतसंस्था कोण बघणार, विवरणपत्रं कोण भरणार, व्हाउचरचे गठ्ठे कोणाच्या नशिबी, सगळं त्यावर. बाहेरच्याला ती नुसती यादी वाटेल. आतल्या माणसाची मात्र वर्षभराची किंमत तिथे लिहिलेली असे. बाहेरगावच्या ऑडिटला जाणाऱ्यासाठी गाडी येई, तिथला व्यवस्थापक दारापर्यंत येऊन नमस्कार करी, आणि परतल्यावर तो काय म्हणतो ते साहेब कान देऊन ऐकत. आत बसणाऱ्याला आत बसणंच मिळे.

मोठे सर हा कागद अंदाजाने, पेन्सिलीने करत. परागने त्यात शास्त्र आणलं. संगणकावर तक्ता केला: माणसाचं नाव, नोकरीची वर्षं आणि प्रत्येक कामातल्या कौशल्याला दहापैकी गुण. ज्याला जे येतं त्याला ते काम, आणि दोघांना सारखंच येत असेल तर जो जुना त्याला. यात अन्यायाला जागाच उरत नाही, असं तो चारचौघांत सांगे. खरंच, बोट ठेवावं अशी जागा त्या तक्त्यात कुठे दिसत नव्हती. कागद नीटनेटका असला की माणूस तो पुन्हा वाचत नाही, ही त्यातली अडचण.

आता कुलथेबाई. वैजयंती कुलथे, वय पंचावन्न, नोकरी सव्वीस वर्षं, काम रिको. वहीत लिहिलेला बँकेचा व्यवहार आणि बँकेने पाठवलेला उतारा, या दोन्हीतली एकेक नोंद जुळवत जायची, याला कचेरीत रिको म्हणत. काम किचकट, डोळे फोडणारं, आणि झाल्यावर कोणाला दिसतही नाही असं. तेवीस क्लायंटचे रिको बाई एकहाती करत. त्यांनी जुळवलेला कागद पुन्हा तपासायची पद्धतच राहिली नव्हती. परागच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे रिकोच्या रकान्यात दहापैकी दहा होते, आणि कचेरीत दुसऱ्या कोणाला कशातही दहा नव्हते. बाकीचे रकाने मात्र रिकामे होते. बाईंनी ती कामं कधी केलीच नव्हती, तर गुण देणार कशाचे? रिकाम्या रकान्याचा अर्थ 'माहीत नाही' असा होतो. परागने तो 'येत नाही' असा वाचला.

पाडव्याच्या चार दिवस आधी कुलथेबाई त्याच्या केबिनच्या दाराशी आल्या.

"सर, पाच मिनिटं आहेत का?"

"या ना बाई, बसा."

बाई बसल्या नाहीत. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या वर्षी दूध संघाचं ऑडिट माझ्याकडे द्याल का? टीम घेऊन मी जाईन म्हणते."

परागने मान वर केली. "म्हणजे, शेटेंच्या जागी?"

"शेटे बरीच वर्षं जातायत. मी त्यांच्या दोन वर्षं आधी लागले. सीए तेही नाहीत, मीही नाही. सही शेवटी तुमचीच असते." बाई थांबल्या. हे सगळं त्यांनी घरून जुळवून आणलं होतं, ते ऐकूनच कळत होतं. "तीन वर्षांनी मी रिटायर होईन, सर. त्याआधी एकदा एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत माझं म्हणून करून बघावं, असं वाटतं."

परागला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण तक्ता त्याच्या मदतीला धावून आला. तो मनापासून म्हणाला, "अहो बाई, तुमच्या रिकोला या जिल्ह्यात तोड नाही. तुम्ही बाहेर गेलात तर इथलं कोण बघणार? तुमच्याशिवाय कोण करणार हे?"

"बरं," कुलथेबाई म्हणाल्या आणि गेल्या.

आपण बाईंचं किती कौतुक केलं, याचं परागला समाधान वाटलं. त्याने त्यांच्या टेबलावर चहासुद्धा पाठवला. नाही म्हणण्याच्या जितक्या तऱ्हा आहेत, त्यात ही सर्वांत हलकट. इतर तऱ्हांत निदान ऐकणाऱ्याला रागावता तरी येतं.

कागद तयार झाला. फळ्यावर लावण्याआधी मोठ्या सरांनी त्यावर नजर टाकायची, एवढा मान शिल्लक होता. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, "कुलथेबाई तुला काही म्हणाल्या का?"

परागने झालेलं सांगितलं. शेवटी म्हणाला, "समजावलं मी त्यांना. समजूतदार आहेत."

मोठ्या सरांनी कागद टेबलावर पसरला. त्यांनी खिशातून पेन काढलं. यादीत कापडाच्या एका बड्या व्यापाऱ्याचं नाव होतं, रिकोचं काम, पुढे 'कुलथे'. त्यांनी 'कुलथे' खोडलं आणि तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

"हा रिको मी करीन. आणि तो होईपर्यंत हा कागद फळ्यावर लावू नकोस."

"सर, तुम्ही? कशासाठी?"

"मला येणार नाही, असं म्हणायचंय तुला?"

शिष्याने कागद काढून दिले. कचेरीत गलका झाला. ज्यांनी ही कचेरी उभी केली, जिल्ह्यातले कारखानदार ज्यांच्यासमोर अदबीने उभे राहत, ते मोठे सर हॉलमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर बँकेचा उतारा आणि लाल पेन्सिल घेऊन बसले. सकाळच्या दोन तासांऐवजी पुरा दिवस येऊ लागले. घरून डबा आणू लागले.

आणि त्यांनी काम बिघडवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी एका रकमेचे दोन चेक अदलाबदल केले. दुसऱ्या दिवशी उताऱ्याचं एक पान उलटं लावलं आणि त्यावरूनच पुढे गेले. तिसऱ्या दिवशी एप्रिलमध्ये वटलेला चेक मार्चमध्ये वटलेला धरला. चौथ्या दिवशी फरक आधीपेक्षा वाढला. मोठे सर शांतपणे खोडरबर फिरवत, कागदावर फुंकर मारत आणि पुन्हा चुकत. चहाच्या वेळी मंडळी कुजबुजू लागली. म्हाताऱ्याचं डोकं चाललं, असं कोणी म्हणालं. घरी कोणाला कळवायला हवं, असंही कोणी म्हणालं. परागच्या कानावर हे सगळं येत होतं आणि त्याचा जीव तुटत होता. ज्या माणसाने आपल्याला ताळेबंद वाचायला शिकवला, त्याला आता दोन कागद जुळवता येत नाहीत, हे बघवत नव्हतं त्याला. कुलथेबाई पलीकडच्या टेबलावर आपलं काम करत होत्या. त्या एकदाच उठल्या, मोठ्या सरांच्या उताऱ्याचं उलटं पान सरळ लावून दिलं आणि परत जाऊन बसल्या.

सहाव्या दिवशी कापडवाल्या व्यापाऱ्याचा फोन आला. "धाकटे सर, आमचे कागद आहेत कोणाकडे? आठवडा झाला. दरवर्षी दीड दिवसात होतात. काही अडचण असेल तर सांगा, म्हणजे आम्ही दुसरीकडे विचारतो."

परागने फोन ठेवला आणि मोठ्या सरांच्या टेबलाशी गेला. आवाज शक्य तितका मऊ ठेवून म्हणाला, "सर, हे तुम्ही कशाला करत बसलात? तुमचं काम का हे? आज मला दूध संघावर जायचंय, ऑडिटच्या आधीच्या भेटीला. तुम्ही चला. तिथे तुमच्या शब्दाला वजन आहे. हे इथलं बाई बघतील."

"म्हणतोस? चल मग," मोठे सर म्हणाले आणि लगेच उठले.

परागने कागद उचलून कुलथेबाईंच्या टेबलावर ठेवले. बाईंनी ते घेतले. आधीच्या चुका पुसण्यातच त्यांचा तासभर गेला असेल.

दूध संघात मोठ्या सरांचं स्वागत झालं. अध्यक्षांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. वाट्यांतून बासुंदी आली. जुन्या आठवणी निघाल्या. मोठे सर दोनच वाक्यं बोलले, पण अध्यक्षांनी ती लिहून घेतली. परतताना गाडीत पराग उल्हसित होता. म्हणाला, "बघा सर, तुमची जागा ही आहे."

मोठे सर खिडकीबाहेर बघत होते. ते म्हणाले, "पराग, मी सहा दिवस काम बिघडवलं. मुद्दाम बिघडवलं. शिक्षा काय झाली मला? गाडी, खुर्ची आणि बासुंदी."

परागने गाडीचा वेग कमी केला.

"ज्यांनी सव्वीस वर्षं एक ओळ चुकवली नाही, त्यांना काय मिळालं? त्यांचं काम होतंच, वर माझंही मिळालं. हे करताना तुझ्या मनात पाप नव्हतं. क्षणाचाही विचार न करता केलंस तू ते, आणि म्हणून मला ते तुझ्याच हातून करवून घ्यायचं होतं. आता शेटेंचं ऐक. शेटे लागले तेव्हा त्यांनाही पहिल्या महिन्यात रिकोला बसवलं होतं. इतका घोळ घातला की मी हात जोडले. इथे बसून नुकसान करण्यापेक्षा बरोबर आलेला बरा, बॅग तरी धरेल, म्हणून त्यांना ऑडिटला नेऊ लागलो. बॅग धरता धरता त्यांनी ऐकलं. ऐकता ऐकता शिकले. पाच वर्षांत टीम न्यायला लागले. आज तुझ्या तक्त्यात ऑडिटला त्यांना आठ गुण आहेत आणि बाईंचा रकाना रिकामा आहे. ते आठ गुण शेटेंनी आणले कुठून? चुकले म्हणून त्यांना ती वाट मिळाली. बाई चुकल्या नाहीत, म्हणून त्यांची वाट मी बंद केली. ज्याला जे येतं त्याला ते, असं तू म्हणतोस. ऐकायला न्याय्य वाटतं. पण जे येतं तेच देत राहिलं तर दुसरं काही कधी येणारच नाही, आणि मग आपणच म्हणायचं की यांना दुसरं येतं कुठे? कौशल्याचा मान राखतो म्हणताना आपण आपली सोय राखत असतो."

परागला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोष्ट नेहमीची असती तर ती इथेच संपली असती. गुरू बोलले, शिष्याचे डोळे उघडले, वाचकांनी मान डोलावली. पण डोळे शिष्याचे उघडले होते. आयुष्य कुलथेबाईंचं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परागने यादी बदलली. दूध संघ, टीमप्रमुख: वैजयंती कुलथे. कागद स्वतःच्या हाताने फळ्यावर लावला. शेटे मोठ्या मनाचे निघाले, म्हणाले, "चांगलं केलंत, माझे गुडघे आता बोलायला लागलेत." बाई बराच वेळ फळ्यासमोर उभ्या होत्या. पुढचे दहा दिवस त्या दुपारच्या सुट्टीत दूध संघाच्या जुन्या फायली वाचत बसलेल्या दिसत. ऑडिटला निघाल्या त्या दिवशी नवी साडी नेसून आल्या होत्या. बरोबर आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, करणाऱ्या तिघी. गाडी खाली उभी होती. पराग गॅलरीत आला आणि त्याला फार बरं वाटलं. चूक दुरुस्त केल्याचा आनंद मोठा असतो. चूक ज्याच्या वाट्याला आली त्याला तो तितकाच होतो का, हे विचारायचं आपण विसरतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुलथेबाई एसटीने एकट्याच परत आल्या. केबिनमध्ये येऊन त्यांनी दूध संघाची फाईल परागच्या टेबलावर ठेवली. या वेळी त्या न सांगता बसल्या.

"हे शेटेंना द्या, सर."

"काय झालं? कोणी काही बोललं का?"

"कोणी काही बोललं नाही. सगळे फार चांगले वागले." बाईंनी हातरुमालाने कपाळ पुसलं. "व्यवस्थापकांनी विचारलं, दूध भुकटीचा शिल्लक साठा यंदा कोणत्या भावाने धरणार. फॅटची घट किती मान्य करणार. मी फायलीत वाचलं होतं ते सगळं. पण वाचलेलं आणि तोंडावर सांगता येणं यात फरक असतो. मला शब्दच सापडेना. तेवढ्यात आपल्या तिघींतली एक मुलगी म्हणाली, मॅडम मघाशी म्हणत होत्या की असं असं धरू. मी काही म्हटलेलं नव्हतं. उत्तर तिचं होतं, ते तिने माझ्या नावावर सांगितलं. तीन दिवस तिघी तसंच करत होत्या. गुणी आहेत पोरी. पण मला त्यांनी सांभाळून घेतलं, सर. सव्वीस वर्षांत कोणावर मला सांभाळून घ्यायची वेळ आली नव्हती."

"बाई, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच असं होतं. शिकाल तुम्ही."

"पंचविसाव्या वर्षी असं झालं की लोक म्हणतात, शिकतोय. पंचावन्नाव्या वर्षी म्हणतात, जमत नाही."

"मी येतो बरोबर. रोज येतो. दोघं मिळून करू."

"शेटेंबरोबर मोठे सर जायचे, तेव्हा ते शिकवणं होतं. माझ्याबरोबर तुम्ही आलात की ती निगराणी होईल." बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर परागला बरं वाटलं असतं. "तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही दिलंत. मागितल्यावर दिलंत. पण मला वाटत होतं की हे काम मला येतं आणि मला देत नाहीत. इतकी वर्षं तेवढ्यावर मी होते. आता कळलं, की नाहीच येत. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं." मग त्या उठल्या. "साखरवाल्यांचे कागद आलेत असं खाली ऐकलं. ते पाठवून द्या माझ्याकडे."

पराग तसाच उठला आणि मोठ्या सरांच्या घरी गेला. मोठे सर गॅलरीत बसून शेंगा सोलत होते. त्याने झालेलं सगळं सांगितलं. ऐकून ते हळहळतील असं त्याला वाटलं होतं. ते सोलत राहिले. तेव्हा परागच्या डोक्यात एक गोष्ट आली. यादी वाचल्याबरोबर सरांनी विचारलं होतं, बाई काही म्हणाल्या का. का विचारलं होतं?

"सर, बाईंचं हे तुम्हाला केव्हा कळलं?"

मोठ्या सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. "अकरा वर्षं झाली. सूतगिरणीचं ऑडिट नवीन मिळालं होतं. बाई माझ्याकडे आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. मी जाऊ का, म्हणाल्या."

"आणि तुम्ही?"

"तू म्हणालास तेच. शब्दसुद्धा तेच. त्या बरं म्हणून वळल्या, आणि त्यांची पाठ दिसली तेव्हाच मला उमजलं, आपण काय केलं ते."

"मग दुसऱ्या दिवशी का नाही बोलावलंत त्यांना? तेव्हा त्या चव्वेचाळीसच्या होत्या, सर. तेव्हा जमलं असतं."

"दुसऱ्या दिवशी तेवीस रिको यायचे होते."

एवढ्या वर्षांत गुरूचा असा राग परागला कधी आला नव्हता. तो म्हणाला, "मग मला तरी सांगायचंत. मी आल्यावर."

"तुला?" मोठे सर त्याच्याकडे वळले. "तू आर्टिकलशिप करत होतास तेव्हा तुझ्या वाट्याचे रिको कोणी केले, आठवतंय? मीच त्यांना सांगितलं होतं, पोरगा हुशार आहे, त्याला बाहेरची कामं शिकू दे, त्याचं तेवढं तुम्ही बघा. तीन वर्षं बघितलं त्यांनी. तू माझ्याबरोबर गावोगाव फिरलास. तू जो काही झालास तो त्या टेबलावर उभा राहून झालास, आणि मीही. म्हणून सांगितलं नाही. आता मला कचेरी चालवायची नाही. आता शहाणपण मला परवडतं. गाडीत तुला बोललो त्यात खोटं काही नव्हतं, पण त्याची किंमत मी द्यायला हवी होती, तेव्हा, आणि ती बाईंनी दिली."

त्यांनी शेंग पुन्हा हातात घेतली, पण सोलली नाही. पराग नमस्कार न करता जिना उतरला.

कचेरीत परतला तेव्हा पाच वाजले होते. थोड्या वेळाने कुलथेबाई साखरवाल्यांचा रिको घेऊन आल्या. एका दुपारात पुरा केला होता. शेवटच्या ओळीत फरक शून्य. पराग पानं उलटत गेला आणि सवयीने ते शब्द त्याच्या ओठांवर आले, वा बाई, तुमच्याशिवाय. ते त्याने गिळले. आता या शब्दांचा अर्थ त्याला ठाऊक झाला होता, आणि पुन्हा ते उच्चारण्याची त्याला लाज वाटली. तो मान खाली घालून नुसता बसून राहिला. बाई क्षणभर टेबलाशी थांबल्या. काम दिल्यावर इतकी वर्षं तिथे कोणीतरी छान म्हणत आलं होतं. आज कोणी काही म्हणालं नाही. त्यांना वाटलं, दूध संघाचं काम जमलं नाही म्हणून सर नाराज आहेत. त्या हळूच दार लोटून बाहेर गेल्या.

तुमच्याही हाताखाली असं एक माणूस आहे. त्याचं नाव तुम्हाला ही गोष्ट वाचताना मध्येच कुठेतरी आठवून गेलं आहे, आणि उद्या सकाळी त्याच्या टेबलावर तुम्ही काय ठेवणार आहात, तेही तुम्हाला ठाऊक आहे.